धाव कुणाच्या नावे?

आज क्रिकेट नाही, बेसबॉल. ‘आम्हाला त्यातलं काही कळत नाही’ म्हणून हा भाग सोडू नका. लागेल तेवढा खेळ मी वाटेत सांगत जाईन. आणि खरं तर आजचा विषय मैदानावरचा नाहीच. मैदानाच्या वर, पत्रकारांच्या कक्षात बसलेल्या एका माणसाबद्दल बोलायचंय. तो खेळाडू नाही, पंच नाही. त्याच्या निर्णयाने कुणी सामना जिंकत नाही की हरत नाही. पण झालेली धाव कुणाच्या नावे टाकायची, हे तो ठरवतो. अमेरिकेत त्याला ऑफिशियल स्कोअरर म्हणतात.

थेट एका सामन्यात शिरू. ५ ऑक्टोबर १९४१. न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन, एबेट्स फील्ड हे मैदान. वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना, ब्रुकलिन डॉजर्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज. नववा म्हणजे शेवटचा डाव, डॉजर्स ४–३ ने पुढे, यांकीजचे दोन गडी बाद आणि बेसवर कुणीही नाही. एक गडी बाद झाला की सामना संपला. पिचर ह्यू केसी. समोर टॉमी हेनरिक.

बेसबॉलमध्ये बॅटरला तीन स्ट्राइक झाल्या की तो बाद. हेनरिकने तिसऱ्या स्ट्राइकला जोरात बॅट फिरवली आणि चेंडू हुकला. पंचाने हात वर केला. पण या खेळात एक जुनी खोच आहे. तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातातून निसटला, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. कॅचर मिकी ओवेनच्या हातातून चेंडू निसटला आणि मागे घरंगळत गेला. हेनरिक पळाला, पोचला.

पुढे काय झालं ते नीट ऐका. जो डिमॅजिओने सिंगल मारला. चार्ली केलरने डबल मारला, दोन धावा आल्या, यांकीज पुढे गेले. बिल डिकीला चार चेंडू बाहेर टाकून केसीने फुकट बेस दिला. जो गॉर्डनने आणखी एक डबल मारला, आणखी दोन धावा. ७–४. सामना गेला, दुसऱ्या दिवशी मालिकाही गेली.

आता स्कोअरबुक उघडा. ह्यू केसी, दिलेल्या धावा ४. त्यातल्या अर्न्ड रन, शून्य.

चार धावा दिल्या, दोन डबल खाल्ले, एक बेस फुकट दिला, आणि हिशोबात पिचर स्वच्छ! ब्रुकलिनकरांनी पुढे आयुष्यभर ओवेनचं नाव घेतलं. केसी टाकत असलेला चेंडू सरळ होता की थुंकी लावलेला, याच्या अफवा वर्षानुवर्षं चालल्या; स्कोअररने त्यात डोकं घातलं नाही. त्याने एवढंच पाहिलं की ओवेनने चेंडू धरला असता तर डाव तिथेच संपला असता. मग डिमॅजिओ आलाच नसता. केलर, डिकी, गॉर्डन कुणीच आलं नसतं. त्यामुळे त्यानंतर जे काही झालं, ते पिचरच्या नावे टाकायचं नाही.

म्हणजे बघा, हा माणूस झालेला डाव लिहून थांबत नाही. मनातल्या मनात तो दुसराही एक डाव खेळतो. त्या डावात कुणाच्या हातून चेंडू सुटत नाही, कुणी वेडावाकडा थ्रो करत नाही. त्या न झालेल्या डावात ज्या धावा झाल्याच असत्या, त्या अर्न्ड. उरलेल्या अनअर्न्ड. आणि पिचरची जी सगळ्यात प्रसिद्ध सरासरी, ईआरए, म्हणजे दर नऊ डावांमागे दिलेल्या अर्न्ड रन, ती या काल्पनिक डावावरच उभी आहे.

ही कल्पना आली कुठून? तर आपल्या ओळखीच्या घरातून. क्रिकेटमधून आलेल्या माणसाकडून.

हेन्री चॅडविक. जन्म १८२४, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. १८३७ मध्ये कुटुंबाबरोबर अमेरिकेत, ब्रुकलिनला आला. वाढला क्रिकेटवर, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत लिहायचा तेही क्रिकेटचं. १८५६च्या सुमारास त्याचं लक्ष बेसबॉलने ओढलं आणि मग तो पन्नासेक वर्षं त्याच खेळाचा झाला. सामन्याचा आकड्यांतला गोषवारा, बॉक्स स्कोअर, रुजवला तो त्याने. तीन स्ट्राइकला बाद झालेल्या बॅटरपुढे आजही के हे इंग्रजी अक्षर लिहितात, तेही त्याचंच. ‘स्ट्रक’ या शब्दातलं शेवटचं अक्षर त्याने उचललं.

आता क्रिकेटचा माणूस हिशोबाला बसला की काय होतं? क्रिकेटच्या स्कोअरशीटमध्ये धावांचे दोन ढीग असतात. बॅटने काढलेल्या एका बाजूला, अवांतर दुसऱ्या बाजूला. यष्टिरक्षकाला चेंडू अडवता आला नाही तर ‘बाय’. त्या धावा गोलंदाजाच्या नावे पडत नाहीत. (वाइड आणि नो बॉलसुद्धा फार काळ गोलंदाजाच्या नावे पडत नव्हते; ते १९८०च्या दशकात बदललं.) पण क्रिकेटच्या स्कोअरशीटने एक गोष्ट कधी केली नाही. स्लिपमध्ये सोपा झेल सुटला आणि फलंदाजाने पुढे शंभर धावा केल्या, तर त्या शंभर धावा मुकाट्याने गोलंदाजाच्या नावे जातात. सुटलेल्या झेलाचा स्कोअरशीटमध्ये रकानाच नाही. समालोचक बोलतो, आपण चडफडतो, वही गप्प राहते.

बेसबॉलने तो रकाना काढला. चुकीचा रकाना, एरर. याला व्यावहारिक कारण होतं. १८६०–७०च्या दशकांत क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी खेळत. मैदानं खडबडीत, चेंडू कसाही उसळणार. एकेका सामन्यात दहा-दहा, पंधरा-पंधरा चुका. नॅशनल लीग सुरू झाली त्या १८७६ साली एका संघाच्या दर सामन्याला सरासरी सहाच्या आसपास धावा होत होत्या आणि आजच्या पद्धतीने मोजलं तर त्यातल्या निम्म्याहून कमी अर्न्ड भरतात. अशा खेळात निव्वळ धावसंख्या पाहून कोण चांगला खेळला हे सांगणार कसं? चॅडविकला हवं होतं ते एवढंच. प्रतिपक्षाच्या कृपेने मिळालेल्या धावा बाजूला काढा आणि स्वतःच्या फटक्यांनी कमावलेल्या वेगळ्या मोजा.

इथे शब्दाकडे लक्ष द्या. ‘अर्न्ड’, म्हणजे कमावलेली. कमावली कुणी? बॅटिंग करणाऱ्या संघाने. मुळात हे कौतुक होतं. त्यांच्या जमेला लिहायची ती धाव. पण वहीचा नियमच असा की एकाच्या जमेला काही आलं की दुसऱ्याच्या नावे पडतं. हळूहळू जमेची बाजू विसरली गेली आणि नावेची तेवढी राहिली. आज अर्न्ड रन म्हटलं की अमेरिकेत कुणाच्या डोळ्यांपुढे बॅटर येत नाही, येतो तो पिचर.

कमावलेली कशाला म्हणायचं यावरही पुष्कळ भांडणं झाली. चॅडविकचा कल निखळ फटक्यांकडे. चोरून घेतलेला बेस, पिचरने फुकट दिलेला बेस, यांना काय म्हणायचं? १८८७ साली तर एका हंगामापुरता फुकट मिळालेला बेससुद्धा फटका म्हणून मोजला गेला. सेंट लुइसच्या टिप ओनीलची सरासरी त्या वर्षी ०.४९२ झाली! पुढे हिशोब पुन्हा केला तेव्हा ती ०.४३५ वर आली, आणि गंमत म्हणजे तीही अफाटच आहे.

पिचरच्या मोजमापासाठी ईआरए अधिकृत झाली ती १९१२ मध्ये, नॅशनल लीगमध्ये. त्यामागे लीगचे सचिव जॉन हेडलर होते. पुढे ते त्याच लीगचे अध्यक्ष झाले. तोवर पिचरची किंमत जय-पराजयावर ठरे. एकच पिचर सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाकत होता तोवर ते चालून गेलं. मग मधूनच दुसरा पिचर आणण्याची रीत वाढू लागली आणि विजय कुणाचा, पराभव कुणाचा, हे सांगणं अवघड झालं. त्या पहिल्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सचा जेफ टेसरो १.९६ ने पहिला आला. पुढच्या वर्षी अमेरिकन लीगनेही तेच स्वीकारलं.

आता हिशोब प्रत्यक्ष कसा करतात ते पाहू. व्हिडिओत मी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं, इथे शब्दांत सांगतो.

समजा, डावाच्या सुरुवातीलाच शॉर्टस्टॉपने सोपा चेंडू गमावला. बॅटर पहिल्या बेसवर. पुढच्याने होमरन मारला, दोन धावा. पहिल्याची धाव अनअर्न्ड, कारण तो तिथे असायलाच नको होता. दुसऱ्याची अर्न्ड; चेंडू थेट प्रेक्षकांत गेला, त्याला शॉर्टस्टॉप काय करणार? पुढे दोन बॅटर बाद झाले. मैदानावर दोन बाद. पण स्कोअररच्या मनातल्या डावात तीन. शॉर्टस्टॉपने सोडलेला एक आणि हे दोन. म्हणजे त्याचा डाव संपला. मैदानावरचा चालू आहे, पण आता पिचरने दहा होमरन खाल्ले तरी त्याच्या नावे एकही धाव पडणार नाही.

पण तेवढ्यात प्रशिक्षकाने पिचर बदलला तर? नव्या माणसाला जुन्या चुकीचा आडोसा मिळत नाही. तो ताज्या पाटीने आला. त्याने स्वतः बेसवर चढवलेल्या बॅटरच्या धावा त्याच्या नावे अर्न्ड. गंमत अशी की तीच धाव संघाच्या एकूण हिशोबात अनअर्न्ड राहते. म्हणजे पिचरांची बेरीज संघापेक्षा जास्त भरू शकते. कुठल्याही दुकानातल्या मुनीमजींना हे दाखवलं तर ते वही मिटून ठेवतील. पण नियम मुद्दाम तसा आहे. आणि मला तो न्याय्य वाटतो.

मला न पटणारा नियम दुसराच. पिचरने स्वतःच्या हातांनी सोपा चेंडू सांडला, तर तीही चूकच धरतात आणि त्यामुळे झालेली धाव अनअर्न्ड! आपल्याच चुकीने आपलीच सुटका. यामागचा तर्क असा की चेंडू हातातून सुटल्यावर तो पिचर राहिला नाही, इतर आठांसारखा क्षेत्ररक्षक झाला. मात्र त्याने फेकलेला चेंडू इतका वाकडा गेला की कॅचरला धरताच येऊ नये, तर त्याला ‘वाइल्ड पिच’ म्हणतात आणि तो दोष पिचरचाच. उलट कॅचरला धरता यायला हवा होता आणि त्याने तो सोडला, तर ‘पास्ड बॉल’, दोष कॅचरचा. या दोन शब्दांमधली रेघ लक्षात ठेवा. पुढे तिच्यावर बरंच अवलंबून आहे.

आणि चूक म्हणजे तरी काय? नियमपुस्तक म्हणतं, ‘सर्वसाधारण प्रयत्ना’त जे जमायला हवं होतं ते जमलं नाही तर चूक. सर्वसाधारण म्हणजे त्या लीगमधल्या, त्या जागी खेळणाऱ्या सरासरी खेळाडूचा प्रयत्न, मैदान आणि हवामान लक्षात घेऊन. डोक्याची चूक ही चूक नाही. भलत्या बेसकडे चेंडू फेकला, निर्णय घ्यायला वेळ लावला, तर त्याची नोंद नाही. हात चुकले पाहिजेत. चुका नसत्या तर धावपटू कुठवर पोचला असता, याबद्दल शंका असेल तर संशयाचा फायदा पिचरला द्यायचा, हेही नियमातच लिहिलेलं आहे. कोर्टातलीच भाषा.

यातून एक विचित्र गोष्ट होते. चपळ शॉर्टस्टॉप धावत जाऊन कठीण चेंडूपर्यंत पोचतो, चेंडू हातात येऊन सांडतो. चूक! त्याच्या जागी मंद खेळाडू असता, तर चेंडू त्याच्यापासून चार हात लांबून निघून गेला असता. त्याला चूक म्हणत नाहीत, बॅटरचा फटका म्हणतात. पहिल्या वेळी पिचर वाचला, दुसऱ्या वेळी भरडला गेला. मंद क्षेत्ररक्षकांपुढे जन्म काढलेल्या पिचरची ईआरए फुगते आणि क्षेत्ररक्षकांच्या नावावर डाग नाही. बिल जेम्स या अभ्यासकाने यावर नेमकं बोट ठेवलं. बाकी सगळे आकडे काय घडलं ते सांगतात, चूक हा एकटाच आकडा काय घडायला हवं होतं याबद्दल कुणाचं तरी मत सांगतो.

मग ते मत कुणाचं? इथे आपण त्या कक्षातल्या माणसाकडे येतो.

दीर्घकाळ हे काम त्या त्या शहरातल्या वर्तमानपत्राचे बेसबॉल वार्ताहर करत. खेळ तेच पाहणार, बातमी तेच लिहिणार आणि खेळाडूचा आकडाही तेच ठरवणार. संघाबरोबर ते एकाच आगगाडीने प्रवास करत, एकाच हॉटेलात उतरत. काल संध्याकाळी ज्याच्या नावे चूक लिहिली, तो आज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर समोर.

१९२२ मध्ये टाय कॉबचं प्रकरण झालं. न्यूयॉर्कमध्ये मे महिन्यातला पावसाळी सामना. कॉबने मारलेला चेंडू शॉर्टस्टॉप एव्हरेट स्कॉटला नीट हाताळता आला नाही. अधिकृत स्कोअरर जॉन किरन यांनी चूक लिहिली. असोसिएटेड प्रेससाठी नोंद ठेवणारे फ्रेड लिब यांनी फटका लिहिला. हंगाम संपला तेव्हा लीगच्या आकडेवारीत लिब यांची नोंद शिरली होती आणि कॉबची सरासरी ०.४०१ भरली. ५२६ संधींत २११ फटके. तो एक फटका काढा, २१० उरतात, आणि सरासरी ०.३९९ होते. चारशेच्या रेषेच्या अलीकडे. अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी फटका कायम ठेवला. बेसबॉल वार्ताहरांची संघटना खवळली. अधिकृत माणसाचा निर्णय असा फिरवायचा तर त्याला बसवायचं कशाला? आणि त्या वर्षी संघटनेचे अध्यक्ष होते स्वतः लिब. स्वतःच्याच नोंदीविरुद्ध ते किरन यांच्या बाजूने उभे राहिले. काही उपयोग झाला नाही. कॉबच्या नावापुढे ०.४०१ आजही आहे.

१९७०च्या दशकात मोठ्या वर्तमानपत्रांना हे दुहेरी काम खटकू लागलं. ज्या बातमीत आपला माणूस स्वतःच एक पात्र आहे, ती त्याने लिहायची कशी? शिवाय तोवर पैशाचा प्रश्नही मोठा झाला होता. १९७४ पासून खेळाडूंच्या पगाराचे वाद लवादापुढे जाऊ लागले, आणि लवादापुढे दोन्ही बाजू मांडतात ते आकडेच. १९८०च्या सुमारास वार्ताहर यातून बाहेर पडले आणि लीग स्वतंत्र स्कोअरर नेमू लागली. आजचा स्कोअरर चोवीस तासांत स्वतःचा निर्णय बदलू शकतो. खेळाडू आणि संघ लीगकडे दाद मागू शकतात.

आता ती रेघ. वाइल्ड पिच आणि पास्ड बॉल यांच्यामधली.

२५ ऑक्टोबर १९८६, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. बॉस्टन रेड सॉक्स मालिकेत ३–२ ने पुढे. त्यांनी १९१८ नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. दहावा डाव, बॉस्टन ५–३ ने पुढे, न्यूयॉर्क मेट्सचे दोन बाद, बेस रिकामे. पिचर कॅल्विन शिराल्डी, वय २४. एक गडी हवा.

गॅरी कार्टरचा सिंगल. केव्हिन मिचेलचा सिंगल. रे नाइटचा सिंगल. कार्टर घरी, ५–४, मिचेल तिसऱ्या बेसवर. शिराल्डीला काढलं आणि बॉब स्टॅन्लीला आणलं. समोर मुकी विल्सन. स्टॅन्लीचा एक चेंडू विल्सनच्या अंगाकडे आत आला, तो उडी मारून बाजूला झाला, कॅचर रिच गेडमनला चेंडू लागला नाही. मिचेल पळत घरी आला. ५–५. नाइट दुसऱ्या बेसवर. मग विल्सनने पहिल्या बेसच्या दिशेने एक हळू, सरपटता चेंडू मारला. तिथे बिल बकनर. चेंडू त्याच्या पायांमधून गेला. नाइट घरी. मेट्स ६–५.

जगाने हिशोब केला तो असा, की बकनरने वर्ल्ड सिरीज घालवली. बावीस हंगाम खेळून २,७१५ फटके मारलेला माणूस, आणि त्याची ओळख म्हणजे ते दोन पाय. चेंडू पायांतून गेला तेव्हा बरोबरी आधीच झाली होती, हे कुणाच्या ध्यानात नाही. मालिकेचा सातवा सामना अजून व्हायचा होता आणि दोन दिवसांनी बॉस्टन तो ८–५ ने हरलं, हेही नाही.

स्कोअरबुकाचा हिशोब वेगळा आहे. त्या डावात तीन धावा झाल्या. स्टॅन्लीच्या नावे किती? शून्य. ज्याच्या हातून चेंडू निसटून बरोबरी झाली, ज्याच्या चेंडूवर विजयी धाव झाली, त्याच्या खात्यात एकही धाव नाही. कारण बेसवरची माणसं त्याची नव्हती, त्याच्याआधीच्या पिचरने चढवलेली होती. तिन्ही धावा शिराल्डीच्या नावे, आणि तो त्या वेळी खंदकात बसून बघत होता. आठव्या डावातली एक धरून त्याच्या नावे चार धावा, त्यातल्या तीन अर्न्ड. पराभवही त्याचाच. नाइटची धाव तेवढी अनअर्न्ड, कारण बकनरने चेंडू धरला असता तर डाव संपला असता.

पण मिचेलची? ती अर्न्ड धरली, कारण स्कोअररने गेडमनच्या हातून सुटलेला तो चेंडू वाइल्ड पिच ठरवला. वाइल्ड पिच हा पिचिंगचाच दोष, तो मनातल्या डावातही घडतो. आता तिथे ‘पास्ड बॉल’ लिहिलं असतं तर काय झालं असतं? मनातल्या डावात गेडमनने चेंडू अडवला असता, मिचेल तिसऱ्या बेसवरच राहिला असता, विल्सनचा चेंडू बकनरने धरला असता, तीन बाद, खेळ खलास. मिचेलची धाव अनअर्न्ड. शिराल्डीच्या नावे एक अर्न्ड रन कमी आणि बरोबरीच्या धावेचा दोष गेडमनवर. गेडमनने तो अडवायला हवा होता, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मी ते चित्रण अनेकदा पाहिलंय. मला स्कोअररचं बरोबर वाटतं. चेंडू फारच आत आला होता. पण ‘वाटतं’ हा शब्द इथे टाळता येत नाही.

८ एप्रिल २००८ रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये हंगामाच्या सुरुवातीचा पहिला चेंडू टाकायला बकनरला बोलावलं होतं. लोक उभे राहिले आणि बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एकवीस वर्षं लागली. २०१९ मध्ये तो गेला.

अशा एकेका धावेने विक्रमही हलतात. वॉल्टर जॉन्सनची १९१३ची ईआरए फार वर्षं १.०९ म्हणून छापली जात असे. त्या हंगामाचा शेवटचा सामना निव्वळ थट्टामस्करीत खेळला गेला होता. जॉन्सन आधी मैदानात खेळला, मग येऊन त्याने गंमत म्हणून हळूहळू चेंडू टाकले, दोन फटके खाल्ले आणि परत गेला. त्याने बेसवर ठेवलेले ते दोघे पुढे घरी आले. खेळच गमतीचा, म्हणून त्या दोन धावा हिशोबात धरल्या गेल्या नव्हत्या. पुढे संशोधकांनी जुनी पानं तपासली आणि ४२ च्या जागी ४४ अर्न्ड रन झाल्या. १.०९ ची १.१४ झाली. फरक कुणाला पडला? सेंट लुइस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनला. त्याची १९६८ची ईआरए १.१२. त्या वर्षी त्याने ४९ धावा दिल्या, त्यातल्या ३८ अर्न्ड. ११ कुणा ना कुणाच्या चुकीच्या नावे. थट्टेतल्या दोन धावांनी तो जॉन्सनच्या पुढे गेला, पंचावन्न वर्षांनंतरच्या हंगामाने.

१९८१ मध्ये तर नुसत्या पूर्णांकाने निकाल लागला. अमेरिकन लीगमध्ये बॉल्टिमोरचा सॅमी स्टुअर्ट आणि ओकलंडचा स्टीव्ह मॅकॅटी. अपुऱ्या डावांसह मोजलं तर स्टुअर्ट किंचित पुढे. पण तेव्हा डाव जवळच्या पूर्ण संख्येला धरत. स्टुअर्टचे ११२ आणि एक तृतीयांश डाव ११२ झाले, मॅकॅटीचे १८५ आणि दोन तृतीयांश १८६ झाले, आणि पहिला नंबर मॅकॅटीला गेला. त्यानंतर नियम बदलला.

आज क्षेत्ररक्षण इतकं सुधारलंय की दहातल्या नऊहून अधिक धावा अर्न्डच असतात, आणि ही सगळी उठाठेव कशाला, असं विचारणारे वाढलेत. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकनने मांडलं की एकदा चेंडू बॅटला लागून मैदानात गेला की पुढे काय होईल यावर पिचरचा ताबा समजतात त्याहून फार कमी असतो. स्ट्राइकआउट, फुकट दिलेले बेस आणि होमरन हेच काय ते त्याचे. तेव्हापासून संघ पिचर विकत घेताना वेगळी गणितं मांडतात. ईआरए मात्र दूरदर्शनच्या पडद्यावरून हललेली नाही.

आणि स्कोअररला नवीन काम मिळालंय. २०२० मध्ये, करोनाच्या हंगामात, सामने लांबू नयेत म्हणून नियम आला की दहाव्या डावापासून प्रत्येक अर्धा डाव दुसऱ्या बेसवर एक धावपटू ठेवूनच सुरू करायचा. २०२३ पासून तो कायमचा झाला. आता हा माणूस तिथे आला कसा, हे वहीत काय लिहायचं? त्याने फटका मारलेला नाही, पिचरने त्याला बेस दिलेला नाही. नियमपुस्तकाने यावर तोड काढली. तो क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बेसवर आला असं समजायचं, पण चूक कुणाच्याही नावे टाकायची नाही. तो घरी आला की धाव अनअर्न्ड. पुढचा बॅटर एक सिंगल मारतो, सामना संपतो. पिचरच्या नावे पराभव एक, अर्न्ड रन शून्य.